आठवणींची परीक्षा नको, गप्पा हव्यात!

सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही; पण वाघ्या घेवड्याच्या पेरणीचा विषय निघाला की कोरेगावकडचे आजोबा भरभरून बोलतात. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला असेच होते. ताजे निसटते, जुने टिकते.

या टिकलेल्या भागाला चालना देणारी पद्धत म्हणजे ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’. ब्रिटनमध्ये ती विकसित झाली. आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास, अशी सात आठवड्यांत 14 सत्रे होतात. छोट्या गटात गाणी, जुनी छायाचित्रे, खाद्यपदार्थ, ताज्या बातम्या यांवर गप्पा रंगतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 201 रुग्णांच्या चाचणीत आकलन आणि जीवनमान, दोन्हींत सुधारणा दिसली. मात्र ती माफक असते. आजार मुळापासून बरा होत नाही.

करोनाकाळात ही सत्रे व्हिडिओ कॉलवरही होऊ लागली. त्यावरचे अभ्यास अजून लहान आहेत. पण आठवड्यातून दोनदा शहर गाठणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग आशादायक आहे. प्रशिक्षित संचालक, मोठा पडदा, स्पष्ट आवाज आणि शेजारी घरचे माणूस एवढे मात्र हवे.

त्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. बी-12 ची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत.

या पद्धतीचे एक सूत्र घरीही पाळता येते: परीक्षा घेऊ नका, मत विचारा. ‘मी कोण, ओळखा बरं?’ असे विचारल्यावर आजोबा गप्प होतात. ‘आबा, यंदा घेवड्याला पाऊस पुरेल का?’ असे विचारून पाहा.