सकाळी हातातला कप का पडतो?

सकाळची घाई. चहाचा कप उचलला न उचलला तोच मुलीच्या हाताला हिसका बसतो आणि कप खाली! "अगं, लक्ष कुठं असतं तुझं?" आई करवादते. दुसऱ्या दिवशी दात घासताना ब्रश उडतो, वेणी घालताना फणी सुटते. मुलीला 'धांदरट' असं नाव पडतं. मग कधीतरी, रात्रभर जागलेल्या लग्नघरात, सकाळी ती धाडकन कोसळते. हातपाय ताठ होतात, झटके येतात. घर घाबरून जातं आणि कुणीतरी बाहेरच्या बाधेचं नाव काढतं.

मैत्रिणींनो, तो पडलेला कप आणि ही फिट एकाच आजाराची असू शकतात. अपस्माराचा हा एक प्रकार साधारण बारा ते अठरा या वयात सुरू होतो. मेंदूतल्या विजेच्या संदेशांत क्षणभर गडबड होते आणि खांद्याला, हाताला एकाएकी हिसका बसतो. शुद्ध जात नाही, म्हणूनच त्याला कुणी आजार समजत नाही. जागं झाल्यावर पहिल्या तास-दोन तासांत हे हिसके जास्त येतात. जर्मन डॉक्टर दीटर यान्झ यांनी १९५७ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, त्यातही सकाळच्या या हिसक्यांची नोंद आहे. मात्र झोप लागता लागता अंग दचकतं, ते बहुतेकांना होतं. त्याची काळजी नको.

कारणं घरातच शोधा

आजार मुळात पुष्कळदा जन्मजात प्रवृत्तीचा. पण हिसक्यांना निमित्त लागतं, आणि सगळ्यांत मोठं निमित्त म्हणजे जागरण. भिवंडीजवळचं आपलं मानकोलीच घ्या. महामार्गावरचं गाव, भोवती गोदामंच गोदामं, रात्रभर ट्रकांची ये-जा. कुणाची रात्रपाळी, कुणाचा परीक्षेचा अभ्यास. त्यातच आपल्याकडची हळद! पहाटेपर्यंत गाणी, नाच, बॅन्जो. मुलीला हळदीला नेऊच नका असं नाही, पण ठरल्या वेळी तिला घरी आणून झोपवा आणि सकाळी पुरेशी झोप झाल्याशिवाय उठवू नका.

दुसरं निमित्त चुकलेली गोळी. नवरात्रात उपवास धरला की गोळीही राहते. गोळी पाण्याबरोबर घेतल्यानं उपवास मोडत नाही, हे आजीबाईंनाही समजावून सांगा. दारू हे तिसरं. मुलांच्या आयांनी ते विशेष ध्यानात ठेवावं. काहींना लुकलुकणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो. डीजेचे उघडझाप करणारे दिवे, झाडांआडून डोळ्यांवर येणारं ऊन यांनीही हिसके येतात. काहींना पाळीच्या आसपास, काहींना ताप किंवा मनस्ताप असला की त्रास वाढतो.

प्रत्येकीचं निमित्त सारखं नसतं. म्हणून दुधाच्या हिशेबासारखी एक छोटी वही घाला. तारीख, रात्री किती वाजता झोपली, किती वाजता उठली, गोळी घेतली की नाही, पाळी, आणि हिसके किती व केव्हा, एवढंच लिहायचं. दोन-तीन महिन्यांत वहीच बोलू लागेल.

डॉक्टरांना काय सांगाल?

आपण मोठी फिट सांगतो आणि पडलेला कप सांगायचा विसरतो. इथंच चूक होते. फिटेवरची काही औषधं, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन, हे हिसके उलट वाढवू शकतात. म्हणून सकाळचे हिसके आवर्जून सांगा, जमलं तर मोबाईलवर त्यांचं चित्रण करून दाखवा आणि वही बरोबर न्या. डॉक्टर मेंदूचा आलेख काढायला सांगतील. मुंबईत केईएम, नायर, शीव या मोठ्या रुग्णालयांत मेंदूविकाराचे विभाग आहेत.

योग्य औषधानं बहुतेकांचा त्रास आटोक्यात राहतो, पण ते पुष्कळ वर्षं, कधी कधी जन्मभर घ्यावं लागतं. "बरं वाटतंय, मग कशाला?" म्हणून मनानं बंद करू नका. व्हॅल्प्रोएट हे गुणकारी औषध गर्भातल्या बाळाला अपाय करू शकतं. म्हणून लग्न ठरायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. तेही औषध एकदम सोडायचं नाही.

घरात काय जपाल?

उठल्यावर पहिला तासभर मुलीकडे उकळता चहा, तापलेलं तेल, विळी देऊ नका. न्हाणीघराची कडी आतून लावू नये. विहीर-तलावावर एकटी नको. मोठागाव-मानकोली पूल २०२५ साली खुला झाला आणि डोंबिवली जवळ आली, म्हणून मुलगी स्कूटीचा हट्ट धरील. पण डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय चावी हाती देऊ नका.

मोठी फिट आलीच तर कांदा, चप्पल, लोखंड काही नको. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. झटके दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर १०८ ला फोन करा.

आणि लग्न?

खरी भीती इथंच असते. पुष्कळ घरी आजार लपवतात. मग सासरी मुलगी गोळ्या लपूनछपून घेते, एखाद दिवशी चुकते, आणि नव्या घरातल्या जागरणांनी व्हायचं तेच होतं. लपवण्यानं आजार झाकत नाही, वाढतो. १९९९ सालच्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर काढून टाकला आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार सोसून 'संवेदना' हा गट उभा केला. अशा रुग्णांची लग्नं जुळवण्याचं कामही तिथं झालं आहे. गोळी आणि झोप सांभाळली, तर शिक्षण, नोकरी, संसार सारं काही होतं.

तेव्हा उद्या सकाळी मुलीच्या हातून कप पडला, तर रागावण्याआधी एवढंच विचारा: "बाळ, काल रात्री झोप झाली होती का गं?"