नेरळहून नेरूळला : घरच्यांची दोन दिवसांची सहल आणि बायकांचा सामना

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, बँकेचं खातं, शेळीचा विमा हे सगळं बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. घरच्या माणसांना घेऊन दोन दिवस मुंबई बघायची आणि त्यातच एक क्रिकेटचा सामना बघायचा, तोही बायकांचा. हे कसं जमवायचं, पैसे कुठून आणायचे, गाडी कुठे बदलायची, ते आज सांगणार आहे.

आपल्या नेरळचं एक गमतीचं आहे. शनिवार-रविवार आला की मुंबईची माणसं आपल्याकडे येतात. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी बघायला येतात, पावसात धबधब्यावर येतात. त्यांची सुट्टी म्हणजे आपला धंद्याचा दिवस. कुणी भाकरी-पिठलं करून देतं, कुणी स्टेशनाबाहेर करवंदं, जांभळं घेऊन बसतं. आणि आपण मुंबईला कधी जातो? केईएमला नाहीतर जे.जे.ला पेशंट असला तर. लग्नाचा बस्ता असला तर. नाहीतर आझाद मैदानात मोर्चा असला तर. बघायला म्हणून, बसायला म्हणून, हसायला म्हणून किती जणी गेलो आहोत, हे पुढच्या बैठकीत हात वर करून मोजा.

आता पैशाचं. पहिली गोष्ट, सहलीसाठी गटाचं कर्ज घ्यायचं नाही. गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशिनला, आजारपणाला, मुलांच्या फीला. सहलीचा डबा वेगळा ठेवायचा आणि त्याची वही पण वेगळी. गटाच्या बचतीत तो मिसळला की हिशेबात गोंधळ होतो आणि भांडणं लागतात. आठवड्याला २५ रुपये टाकले तर ४० आठवड्यांत १,००० रुपये होतात. घरात नवरा कमावता असेल तर त्यानेही तेवढेच टाकायचे, म्हणजे २,०००. पावसाळ्याआधी सुरुवात केली तर भात कापून, झोडून घरात येईपर्यंत निम्म्याहून जास्त रक्कम जमलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत शेतीची घाई नसते, हवा चांगली असते. सहलीला तेच दिवस बरे.

खर्चाचे चार रकाने पाडा : गाडीभाडं, सामन्याची तिकिटं, खाणं, आणि अडीनडीला. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं तिकीट आजही सगळ्यात स्वस्त आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. पहिल्या दिवशीचा डबा घरून न्यायचा. आणि तो डबा एकट्या बाईनेच पहाटे चारला उठून करायचा नाही, हे घरात आधीच बोलून ठेवा. सहल घरातल्या सगळ्यांची आहे, मग पोळ्याही सगळ्यांच्याच. म्हातारी माणसं, जनावरं मागे राहणार असतील तर शेजारच्या गटातल्या ताईंना सांगा. पुढच्या महिन्यात त्या जातील तेव्हा त्यांच्याकडचं आपण बघू.

पहिला दिवस मुंबईचा. सकाळची कर्जत नाहीतर खोपोली लोकल धरली की दोन तासांच्या आसपास आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. उतरल्यावर लगेच पळू नका. बाहेर येऊन मान वर करून ती इमारत बघा. तिचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. घुमटाच्या टोकावर हातात मशाल आणि चाक घेतलेली एक बाई उभी आहे. ती प्रगतीची मूर्ती. खाली दगडात पानं, पक्षी, प्राणी कोरले आहेत. ते मुलांना शोधायला लावा, अर्धा तास मजेत जातो.

तिथून चालत हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांचं हे स्मारक. मुलं हे पुस्तकात वाचतात, इथे ते डोळ्यांनी दिसतं. पुढे ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला जुन्या गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती. हा सगळा परिसरही २०१८ पासून जागतिक वारसा आहे. मग गेटवे ऑफ इंडिया. इंग्रज राजा १९११ मध्ये आला त्याची आठवण म्हणून हा दरवाजा बांधला, तो पूर्ण झाला १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांचं शेवटचं सैन्य याच दरवाज्यातून निघून गेलं. समोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. जवळच महाराजांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आहे. तिकीट काढून आत गेलात तर सावली मिळते, बसायला मिळतं आणि स्वच्छतागृहही मिळतं. बायकांच्या सहलीत ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती लाजून विसरू नका. स्टेशनात, संग्रहालयात, जिथे सोय दिसेल तिथे जाऊन घ्यायचं. पाणी कमी पिऊन दिवस काढायचा नाही.

ज्यांना चैत्यभूमीला जायचं आहे त्यांनी दादरला उतरावं. जवळच शिवाजी पार्क आहे. तिथे संध्याकाळी मुलं-मुली क्रिकेट शिकताना दिसतात.

रात्री बदलापूर, डोंबिवली, कळवा, ऐरोली इथे आपलं कुणी ना कुणी असतंच, तिथे मुक्काम करा. आधी फोन करा, जाताना तांदूळ नाहीतर वाल घेऊन जा. नातेवाईक नसतील तर लोकलने घरी परत यायचं आणि रविवारी पुन्हा निघायचं. तेही जमतं.

दुसरा दिवस सामन्याचा. इथे नावाचा घोळ लक्षात ठेवा. आपलं गाव नेरळ, आणि स्टेडियम आहे नेरूळला. तिकीट काढताना दोन्ही नावं स्पष्ट सांगा. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम नवी मुंबईत आहे. आपण ठाण्याला उतरायचं आणि ट्रान्स हार्बरची नेरूळकडे जाणारी गाडी धरायची. मुंबईतून जायचं असेल तर सीएसएमटीहून पनवेलची हार्बर लोकल. रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारीच पेपरात किंवा मोबाइलवर बघून ठेवा. सामना रात्री संपणार असेल तर ठाण्याहून शेवटची कर्जत गाडी किती वाजता आहे ते आधीच कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. सगळ्यांच्या नजरा खेळावर असतात, पण घड्याळावर एकाने तरी ठेवायची.

बायकांची प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या वर्षीचे सगळे सामने नेरूळला आणि चर्चगेटजवळच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाले आणि मुंबईचा संघ जिंकला. त्या वर्षी बायका-मुलींना प्रवेश मोफत होता. दर वर्षी सामने आपल्याकडे असतीलच असं नाही. २०२४ चे बंगळुरू आणि दिल्लीला झाले. म्हणून वेळापत्रक आलं की घरातल्या शिकलेल्या मुलीला बघायला सांगा. तिकिटं बहुतेक मोबाइलवरच निघतात. स्टेडियमबाहेर कुणी ज्यादा भावाने देत असेल तर घेऊ नका. तिकिटावरचे नियम वाचा. बाहेरचं खाणं, पाण्याची बाटली, मोठी पिशवी सहसा आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी पोटभर खाऊन जायचं आणि सामान पाहुण्यांकडे ठेवायचं. सामने नसतील तर ओव्हल मैदानाला रविवारी सकाळी जा. एकाच मैदानावर कितीतरी सामने चाललेले असतात आणि बघायला पैसे पडत नाहीत.

खेळ कळत नाही म्हणून कंटाळा येईल, असं काही जणी म्हणतात. तो हप्त्यासारखाच आहे. एका संघाला २० षटकं, एका षटकात ६ चेंडू, म्हणजे १२० चेंडू. पहिल्या संघाने जितक्या धावा केल्या त्याहून एक जास्त दुसऱ्याने करायची. आता समजा ६० धावा बाकी आहेत आणि ४० चेंडू बाकी आहेत. म्हणजे षटकाला ९ धावांचा हप्ता. दोन षटकं तीन-तीनच धावा आल्या, तर उरल्या ५४ धावा आणि २८ चेंडू. हप्ता साडेअकराच्या वर गेला. दोन हप्ते थकले की पुढचा किती जड होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एवढं कळलं की शेवटची पाच षटकं खुर्चीवर बसवत नाही.

आता मुद्द्याचं. बायकांचाच सामना का? भारतातल्या बायकांच्या क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये उभी राहिली. २००५ आणि २०१७ मध्ये आपला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरला. २०१७ ला तर फक्त ९ धावांनी. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला याच नेरूळच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून तो चषक आपल्या मुलींनी जिंकला. त्यात आपल्या सांगलीची स्मृती मानधना होती, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होती. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने ठरवलं की देशासाठी खेळताना बाईला आणि पुरुषाला एका सामन्याचं मानधन सारखंच. एकदिवसीय सामन्याला दोघांनाही ६ लाख.

हे ऐकून आपल्या भातलावणीची आठवण येते की नाही? चिखल तोच, कंबर तेवढीच मोडते, पण बाईची मजुरी वेगळी आणि पुरुषाची वेगळी. तिथे सारखं झालं ते कुणीतरी मागितलं म्हणून. हे आपल्या मुलीने बघावं, आणि मुलानेही तिच्या शेजारी बसून बघावं. मुलगी आठवी-नववीत गेली की आपण तिला मैदानावरून घरात घेतो. पाणी भर, धाकट्याला सांभाळ, लोक काय म्हणतील. हजारो माणसं एका मुलीच्या फटक्यावर उभी राहून टाळ्या वाजवतात, हे तिने, तिच्या बापाने आणि आजीने एकदा डोळ्यांनी पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी तिला शाळेच्या संघात पाठवताना घरात वाद थोडा कमी होईल.

तर पुढच्या बैठकीत तीन कामं करा. सहलीची वेगळी वही घाला. त्यात कोण कोण येणार त्यांची नावं लिहा, सासूबाईंना आणि सासऱ्यांनाही विचारा. आणि गावातल्या शाळेत मुलींचा संघ आहे का, याची चौकशी दोघींनी जाऊन करा. नसेल तर का नाही, हे गुरुजींना विचारा.