वऱ्हाड नेमका कोणत्या देशात होता?

भारतीय दंड संहिता ३० जून २०२४ पर्यंत देशात लागू होती. तिची छापील प्रत कुठल्याही जुन्या वकिलाच्या कपाटात आजही सापडेल. पहिलंच कलम उघडा आणि त्याखालची बारीक टायपातली तळटीप वाचा. हा कायदा कोणत्या प्रदेशाला कोणत्या अधिनियमानं लागू झाला, याची ती यादी आहे. गोवा, दमण आणि दीव, दादरा आणि नगर हवेली, पाँडिचेरी ही नावं तिथं असणारच, कारण ते प्रदेश पोर्तुगीजांच्या आणि फ्रेंचांच्या ताब्यातून आलेले. पण त्याच यादीत आणखी एक नाव आहे: बेरार. तिथं हा कायदा ‘बेरार लॉज ॲक्ट, १९४१’नं लागू झाला, असं तळटीप म्हणते.

बेरार म्हणजे आपला वऱ्हाड. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि आजचा वाशीम जिल्हा. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे ओळखलं जाणारं मंगरूळपीरही त्यातच. हे गाव १९०५ पर्यंत जुन्या वाशीम जिल्ह्यात होतं, नंतर अकोल्यात गेलं आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वाशीममध्ये आलं. जिल्हे बदलतात, त्यात नवल नाही. नवल याचं, की इंग्रजांचा कलेक्टर, इंग्रजांचं कोर्ट, इंग्रजांचा सारा, इंग्रजांची रेल्वे असं सगळं असूनही हा मुलूख कायद्याच्या भाषेत कधीच ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हता. दंड संहिता इथल्या कोर्टांत चालायची ती परमुलखात हुकूम काढून एखादा कायदा लागू करावा, तशी.

याचं मूळ एका कर्जात आहे. हैदराबादच्या निजामासाठी म्हणून इंग्रजांनी एक फौज उभी केली होती, हैदराबाद कंटिंजंट. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचे आणि खर्च निजामाचा. तिची एक छावणी एलिचपूरला म्हणजे अचलपूरला होती, दुसरी पैनगंगेपलीकडे हिंगोलीला. खर्चाची बाकी तुंबत गेली आणि २१ मे १८५३ ला, गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, निजाम नासिरुद्दौलाला तहावर सही करावी लागली. वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या हवाली झाले. त्यांनी वसूल गोळा करायचा, त्यातून फौजेचा खर्च भागवायचा आणि उरेल ती रक्कम निजामाला द्यायची. १८६० मध्ये दुसरा तह झाला. ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. कर्ज मिटलं, तरी गहाण सुटलं नाही.

का सुटलं नाही, हे काळ्या जमिनीकडे पाहिलं की कळतं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोहोचेना आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत अकोला, बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोहोचली होती. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या केल्या, १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. हाती काही लागलं नाही. शेवटी ५ नोव्हेंबर १९०२ ला व्हाइसरॉय कर्झननं निजाम महबूब अली खान यांच्याकडून नवा करार घेतला. वऱ्हाडावरचं सार्वभौमत्व निजामाचंच, पण मुलूख कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडे, वर्षाला २५ लाख रुपये भाड्यानं.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सात-बारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, असं वावर गावोगावी असतं. इथं तसा अख्खा प्रांत होता.

याचे परिणाम इतके बारीक होते, की वाचताना थक्क व्हायला होतं. १९१९ च्या घटनात्मक सुधारणांनंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचं कायदेमंडळ नागपूरला भरू लागलं. वऱ्हाडी मतदारांनी रीतसर मतदान करायचं, उमेदवार निवडून यायचा आणि मग सरकारनं त्याला ‘नियुक्त’ करायचं. कारण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नाही, मग तिथला माणूस ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळावर निवडून येईल कसा? दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात वणीचे लोकनायक बापूजी अणे यांच्या नावापुढे मतदारसंघाच्या जागी ‘बेरार प्रतिनिधी’ एवढंच लागायचं. लोकांनी निवडलेल्या माणसाला निवडून आलेला म्हणायचीही सोय नव्हती.

१९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितला, तिथं स्वायत्त कारभार देण्याचं आश्वासनही दिलं. वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांनी या मागणीला कडाडून विरोध केला. इंग्रजांशी लढणारी माणसंच निजामाकडे जायला तयार नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ ला उत्तर धाडलं, ते हिंदुस्थानच्या घटनात्मक इतिहासात गाजलं. ब्रिटिश राजसत्ता इथं सर्वोच्च आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाटाघाटी करू शकत नाही, असा त्याचा आशय. संस्थानांचं स्थान काय, याचा इंग्रजांकडून आलेला सगळ्यांत रोखठोक खुलासा वऱ्हाडाच्या भांडणातून निघाला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

आणि दहा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९३६ ला, त्याच इंग्रजांनी निजामाचं मन राखलं. निजाम आता ‘हैदराबाद आणि बेरारचा निजाम’ झाला. त्याचा थोरला मुलगा आझम जाह याला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाशेजारी निजामाचं निशाणही फडकवायचं ठरलं. आझम जाहचं लग्न १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात झालं होतं. वधू दुर्रुशेहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. म्हणजे जिच्या वडिलांकडे एके काळी खलिफापद होतं, ती आता वऱ्हाडची युवराज्ञी! कारभारात काडीचाही फरक पडला नव्हता. फक्त नावं बदलली होती. पण देशांच्या व्यवहारात नावाला किती वजन असतं, ते पुढं कळणार होतं.

आता देश म्हणजे काय, हा प्रश्न सरळ विचारू. याचं सगळ्यांत जास्त उद्धृत केलं जाणारं उत्तर २६ डिसेंबर १९३३ चं आहे. उरुग्वेच्या मोंतेविदेओ शहरात अमेरिका खंडातल्या देशांनी एक करार केला. त्यानुसार राज्याला चार गोष्टी लागतात: कायमची लोकवस्ती, ठरावीक भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. दुसऱ्यांनी मान्यता दिली नाही, तरी राज्याचं अस्तित्व राहतं, असंही तो करार सांगतो. दुसरा पंथ उलट म्हणतो: जगानं देश म्हटल्याशिवाय देश होत नाही. आज तैवान, कोसोव्हो, पॅलेस्टाईन यांच्यावर जी चर्चा रंगते, तिचा गाभा हाच. पॅलेस्टाईनला भारतानं १९८८ मध्येच मान्यता दिली. कोसोव्होनं २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याला मात्र भारत देश मानत नाही. एकच प्रश्न, एकाच दिल्लीची दोन उत्तरं. यात ढोंग शोधायची घाई मी करणार नाही. मान्यता हा निवाडा नसतो, तो निर्णय असतो, आणि निर्णय घेणाऱ्याला स्वतःचं घर सांभाळावं लागतं.

चार अटींची ही फूटपट्टी १९४७ च्या हैदराबादला लावून पाहा. ८२ हजार चौरस मैल मुलूख, १९४१ च्या जनगणनेनुसार १ कोटी ६३ लाख लोक. स्वतःचं हाली सिक्का चलन, टपाल तिकिटं, रेल्वे, फौज. युरोपातले कितीतरी देश याहून लहान. जून १९४७ मध्ये निजामानं फर्मान काढलं, की इंग्रज गेले की आपण स्वतंत्र. जुलैत त्याचं शिष्टमंडळ दिल्लीला व्हाइसरॉय माउंटबॅटनकडे गेलं, तेव्हा मागण्यांमध्ये एक मागणी ठरलेली होती: वऱ्हाड परत द्या. दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वावर उभ्या होत्या. सार्वभौमत्व कायम निजामाचंच होतं, इंग्रजांनी फक्त वरून झाकण घातलं होतं, ते उठलं की खालचं सगळं जसंच्या तसं.

तसं झालं नाही. वऱ्हाड मध्य प्रांताबरोबरच राहिला. कागदोपत्री निजामाचा असलेल्या याच मुलखात, उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या गावी, निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनी आपली केंद्रं उघडली. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. मोगलाईतून रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीनं निघालेल्या माणसाला नदी ओलांडली की आपण देश बदलला असं वाटत होतं. मोंतेविदेओच्या चार अटींत हे कुठं बसत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत खरा पुरावा हाच होता. राज्याला वस्ती हवी, असं करार म्हणतो. त्या वस्तीला ते राज्य हवं आहे का, हे तो विचारत नाही.

२१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार केली. समिती त्या वेळी पॅरिसला भरत होती. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं आणि १६ तारखेला समितीपुढे विषय आला. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार उभे होते. त्यांचा मुद्दा सरळ होता: समितीकडे सदस्य नसलेलं ‘राज्य’ तक्रार करू शकतं, पण हैदराबाद हे मुळात राज्यच नाही. म्हणजे तक्रार ऐकायची की नाही, हे ठरवायला आधी तक्रारदार अस्तित्वात आहे की नाही, ते ठरवायला हवं! समितीनं हे कधीच ठरवलं नाही. १७ सप्टेंबरला निजामानं लढाई थांबवली, २२ तारखेला तक्रार मागे घेत असल्याची तार केली. ‘हैदराबाद प्रश्न’ मात्र समितीच्या विषयांच्या यादीत त्यानंतर अनेक दशकं तसाच पडून राहिला.

१ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड आणि मराठवाडा एकाच दिवशी मुंबई राज्यात आले. पैनगंगेचे दोन्ही काठ १०३ वर्षांनी पुन्हा एका कारभाराखाली आले, आणि तो कारभार ना निजामाचा होता, ना इंग्रजांचा.

दंड संहितेच्या तळटिपेत वऱ्हाडाबरोबर दादरा आणि नगर हवेलीचं नाव आहे, ते योगायोगानं. पण दोघांची कहाणी शेजारी ठेवली की अंगावर काटा येतो. तिथंही सुरुवात वसुलीतूनच झाली. १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणजवळच्या काही गावांचा १२ हजार रुपयांचा महसूल तोडून दिला. २ ऑगस्ट १९५४ पर्यंत तिथली पोर्तुगीज सत्ता उखडली गेली, आणि ती उखडणाऱ्यांमध्ये पुण्या-मुंबईची मराठी तरुण मंडळी होती. राजा वाकणकर होते, नाना काजरेकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते, संगीतकार सुधीर फडके होते. पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. जगभरच्या न्यायाधीशांपुढे पेशव्यांचे मराठी कागद वाचले गेले. ‘सरंजाम’ आणि ‘जहागीर’ म्हणजे नेमकं काय दिलं, यावर हेगमध्ये युक्तिवाद झाले!

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालय म्हणालं, की पेशव्यांनी दिली ती फक्त वसुली, सार्वभौमत्व नाही. पण पुढं इंग्रजांनी त्या गावांवर पोर्तुगालचं सार्वभौमत्व व्यवहारात मानलं, म्हणून ते पोर्तुगालचं झालं. वऱ्हाडाचाही कागद असाच वसुलीचा. तिथं मात्र वसूल करणाऱ्यानं नव्वदहून अधिक वर्षं राज्य केलं आणि सार्वभौमत्व तरीही निजामाच्या नावावरच राहिलं. कागदाची जात एक, परिणाम उलटे, कारण दोन्हीकडे इंग्रजांनी काय मानायचं ते वेगळं ठरवलं. न्यायालयानं पोर्तुगालला त्या गावांपर्यंत नागरिक आणि माल यांची ये-जा करण्याचा हक्क दिला, फौज आणि हत्यारं नेण्याचा नाकारला. म्हणजे मालक म्हणून मान, पण फौज घेऊन घरात शिरायची वाट बंद.

या सगळ्यात दादरा आणि नगर हवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायत चालवत होती. भारतानं तो प्रदेश लगेच सामील करून घेतला नव्हता. शेवटी सामील करायची वेळ आली, तेव्हा करारावर दुसऱ्या बाजूनं सही करणारा कुणीतरी अधिकारी हवा होता. म्हणून भारतीय प्रशासकीय सेवेतले के. जी. बदलानी यांना त्या प्रदेशाचे एका दिवसाचे पंतप्रधान करण्यात आलं. एका बाजूला नेहरू, दुसऱ्या बाजूला बदलानी. तो प्रदेश भारतात आणणारी दहावी घटनादुरुस्ती ११ ऑगस्ट १९६१ पासून अमलात आली.

पोर्तुगालनं हे मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, आणि तेही मागच्या तारखेनं: भारताच्या संविधानानुसार ते भाग ज्या दिवशी भारतात आले, त्या दिवसापासून. मग २ ऑगस्ट १९५४ ते ११ ऑगस्ट १९६१ या सात वर्षांचं काय? भारताच्या कागदावर ती भारताची नाहीत. पोर्तुगालच्या कागदावर ती पोर्तुगालची आहेत, पण तिथं पोर्तुगालचा एक शिपाईही नव्हता. जगातल्या एकाही देशानं त्या प्रदेशाला देश म्हटलं नाही. तरी तिथं वस्ती होती, सीमा होती, लोकांचा कारभार होता आणि शेवटी तहावर सही करण्याइतकी क्षमताही होती. माझ्या लेखी तो देश होता.