मुद्दल आणि तत्त्व

१९८६ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी बँकेत मी नवा अधिकारी होतो. कर्जदारांना जाणारी इंग्रजी पत्रं सहीसाठी माझ्यापुढे येत. एका पत्रात नव्या कारकुनानं ‘प्रिन्सिपल’ची थकबाकी कळवली होती, पण शब्दाच्या शेवटी ‘ए-एल’ऐवजी ‘एल-ई’ टाईप केलं होतं. म्हणजे मुद्दल नव्हे, तत्त्वच थकलेलं! मी ते पत्र सगळ्या स्टाफला दाखवलं. हशा पिकला. मराठी शाळेतून आलेला तो मुलगा मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतर इंग्रजी पत्राचं काम आलं, की तो काही तरी निमित्त काढून टाळायचा.

त्याचं असं काय मोठं चुकलं होतं? कानाला दोन्ही शब्द सारखे. देवनागरीत लिहिले तरी सारखेच. दोघांचं मूळही एकच, ‘पहिला’ या अर्थाचा लॅटिन शब्द.

इंग्रजीत हा घोळ आला कुठून? विल्यम कॅक्स्टननं १४७६च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापखाना घातला. पुढे स्पेलिंगं हळूहळू स्थिरावली. उच्चार मात्र बदलत राहिले. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला ‘के’ पूर्वी खरोखर उच्चारला जाई. तो मुका झाला आणि सरदार व रात्र कानाला एक झाले. भेटण्याचं ‘मीट’ आणि मांसाचं ‘मीट’ यांचे स्वरही एके काळी निराळे होते. आपण तरी ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना दर वेळी कुठे सावध असतो?

काही वर्षांनी बदलीच्या वेळी जुनी फाईल चाळताना माझंच एक पत्र सापडलं. कागद, रजिस्टरं मागवताना ‘स्टेशनरी’त मी ‘ई’च्या जागी ‘ए’ लिहिला होता. अर्थ झाला, जागचं न हलणारं! गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द एकाच घरचे. फेरीवाल्यासारखा न हिंडता एका जागी दुकान मांडून बसे, तो स्टेशनर. माझ्या चुकीला मात्र कुणी हसलं नव्हतं. खाली सही अधिकाऱ्याची होती ना!

आता नातीच्या वहीत अशी गल्लत दिसली, की मी तिला जवळ बसवून त्या शब्दांची कुळकथा सांगतो. तिला मजा वाटते. त्या मुलाची माफी मागायची मात्र राहूनच गेली. ते मुद्दल माझ्याकडे अजून थकलेलं आहे.