झटके येणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो

मळ्याची राखण करणाऱ्या कुत्र्यास एकाएकी झटके आले, की तो पिसाळला असे समजून पुष्कळदा त्यास ठार केले जाते. ही शंका अनाठायी नव्हे. लस न टोचलेल्या कुत्र्यास अशा वेळी हात लावूच नये. तो चावल्यास जखम साबणपाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. परंतु नियमित लस टोचलेल्या, उतारवयाच्या कुत्र्याचे झटके रक्तातील साखर उतरल्यामुळेही येऊ शकतात.

रोगाचे मूळ

जठरालगतचे स्वादुपिंड इन्सुलिन निर्माण करते व इन्सुलिन रक्तातील साखर ताब्यात ठेवते. १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्यास मधुमेह जडला. इन्सुलिन कमी पडले की साखर वाढते. मग कुत्रा पाणी फार पितो, वारंवार लघवी करतो व खाऊनही वाळतो. याउलट, स्वादुपिंडात इन्सुलिन स्रवणारी गाठ झाल्यास साखर घसरते. कुत्र्यांतील अशी गाठ बहुधा कर्करोगाची असते.

लक्षणे

उपाशीपोटी किंवा श्रमानंतर मागील पाय लटपटतात, अंग कापते, झटके येतात. खाल्ल्यावर कुत्रा सावरतो. पिसाळलेला कुत्रा असा सावरत नाही. त्याचा रोग वाढतच जातो. मधुमेही कुत्र्यास इन्सुलिनची मात्रा जास्त झाली, किंवा इन्सुलिन टोचूनही तो जेवला नाही, तरी हीच लक्षणे दिसतात. म्हणून त्याने अन्न टाकल्यास पशुवैद्यास विचारल्याशिवाय नेहमीची मात्रा टोचू नये.

उपाय

कुत्रा शुद्धीवर असल्यास त्यास लगेच खाऊ घालावे. झटका चालू असता तोंडात हात घालू नये. झटका ओसरल्यावर हिरड्यांना थोडा मध किंवा गुळाचे दाट पाणी चोळावे. बेशुद्ध कुत्र्याच्या घशात काहीही ओतू नये. गाठीची शंका असल्यास पुढे गोड देत राहू नये, कारण त्याने गाठ अधिक इन्सुलिन सोडते व साखर पुन्हा उतरते. दिवसातून चार ते सहा वेळा थोडे थोडे अन्न द्यावे.

तपासणी

निरोगी कुत्र्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारणतः ७० ते १२० मिलिग्रॅम साखर असते. ती ६० च्या खाली आढळल्यास गाठीचा संशय घेऊन इन्सुलिनही तपासतात. शस्त्रक्रियेने व औषधाने कुत्र्याचे आयुष्य बऱ्याचदा वाढते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी झटक्याची व त्यापूर्वीच्या खाण्याची वेळ मालकाकडून लिहून घ्यावी. पशुवैद्यास निदानाच्या कामी तेवढी नोंदही मोलाची ठरते.