चेंडू पायात नसताना

आंद्रेआ पिर्लोच्या पायात चेंडू आला की एसी मिलानचा संघ खेळायला लागतो, हे युरोपातला प्रत्येक प्रशिक्षक जाणून होता. २०१० च्या चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडची गाठ मिलानशी पडली, तेव्हा युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी यावर साधा उपाय केला. आपल्या संघातल्या पार्क जी-सुंग या कोरियन खेळाडूला त्यांनी पिर्लोच्या मागावर सोडले. पिर्लो जिथे जाईल तिथे पार्क. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी पार्कची नजर पिर्लोवर. दोन सामन्यांत मिळून युनायटेडने मिलानला ७-२ असे लोळवले. १० मार्चला ओल्ड ट्रॅफर्डवर झालेल्या दुसऱ्या सामन्यात त्यातला एक गोल पार्कचाही होता, पण त्या लढतीची आठवण निघते ती या पाठलागासाठी. पुढे पिर्लोने आत्मचरित्रात या पाठलागाबद्दल लिहिले, तेव्हा त्यात वैताग होता आणि नाइलाजाने दिलेली दादही होती.

कबड्डीत पकड करणाऱ्याचे नाव होते. चढाईपटूला कोपऱ्यापर्यंत रेटत आणणाऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही. पार्कची सगळी कारकीर्द या दुसऱ्या प्रकारच्या कामावर उभी आहे. युनायटेडसाठी सात हंगामांत २०५ सामने आणि २७ गोल, हे त्याचे आकडे. एवढ्यावरून त्याची किंमत करायला बसलो तर हाती काहीच लागत नाही.

पार्कचा जन्म १९८१ चा. सोलच्या दक्षिणेला असलेल्या सुवॉन शहरात तो वाढला. अंगाने किरकोळ, उंचीने कमी, त्यात तळपाय सपाट. मुलाच्या अंगी जोर यावा म्हणून घरच्यांनी त्याला बेडकांचा अर्कही पाजला होता, ही हकिकत पुढे त्यानेच सांगितली. खेळाची जाण मात्र लवकर दिसली होती. चा बुम-कुन हे जर्मनीच्या बुंडेसलीगामध्ये ९८ गोल करणारे कोरियाचे पहिले मोठे फुटबॉलपटू. त्यांच्या नावाचा शाळकरी खेळाडूंसाठीचा पुरस्कार पार्कला मिळाला होता. तरी शाळा संपल्यावर एकाही व्यावसायिक क्लबने त्याला विचारले नाही. म्यॉंगजी विद्यापीठात कशीबशी जागा मिळाली. तिथून ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक हु जुंग-मू यांची नजर त्याच्यावर पडली आणि २००० मध्ये तो सिडनीला गेला.

त्या काळच्या कोरियन संघांत थोरल्या खेळाडूंनी धाकट्यांना मारणे ही रीतच होती. पार्कनेही तो मार खाल्ला. आपली पाळी आल्यावर आपण कोणावर हात उगारायचा नाही, असे त्याने ठरवले आणि ते पाळले. त्याच्या स्वभावाचा अंदाज मला सगळ्यात आधी इथे येतो. अन्याय त्याने मुकाट सोसला, पण त्याची परंपरा पुढे चालवली नाही.

मायदेशातल्या क्लबांनी नाकारलेल्या या मुलाला पहिला करार दिला तो जपानने. क्योटो पर्पल सांगा हा क्लब तो आला त्याच वर्षी खालच्या विभागात घसरला आणि पुढच्याच वर्षी वर परतला. १ जानेवारी २००३ रोजी क्योटोने एम्परर्स कपच्या अंतिम सामन्यात काशिमा अँटलर्सला २-१ ने हरवले. बरोबरीचा गोल पार्कचा होता. तोपर्यंत त्याचे नेदरलँड्सला जाणे पक्के झाले होते. कोरिया आणि जपान यांच्यातला जुना कडवटपणा लक्षात घेतला, तर पार्कला क्योटोत मिळालेले प्रेम विशेषच म्हणायला हवे.

मधल्या काळात २००२ चा विश्वचषक येऊन गेला होता. त्याआधी कोरियाने विश्वचषकात एकही सामना जिंकलेला नव्हता. डच प्रशिक्षक गुस हिडिंक यांनी ज्येष्ठ-कनिष्ठ हा हिशेब बाजूला ठेवून जो पळेल त्याला संघात घेतले. पळण्यात पार्कचा हात धरणारा कोणी नव्हता. विश्वचषकाच्या तोंडावर झालेल्या सराव सामन्यांत त्याने इंग्लंडविरुद्ध गोल केला आणि फ्रान्सविरुद्धही. १४ जूनला इंचॉनमध्ये पोर्तुगालशी सामना होता. ७० व्या मिनिटाला ली यंग-प्योने दिलेला पास पार्कने छातीवर घेतला, उजव्या पायाने वरच्या वर सर्जिओ कॉन्सेसाओला हुलकावणी दिली आणि डाव्या पायाने चेंडू गोलरक्षकाच्या दोन पायांमधून जाळ्यात मारला. मग तो धावत जाऊन हिडिंकच्या गळ्यात पडला. पोर्तुगाल स्पर्धेबाहेर गेले. पुढे इटली आणि स्पेनही गेले, आणि कोरिया उपांत्य फेरीत पोचला. त्या दोन्ही सामन्यांतल्या पंचगिरीवर युरोपात आजही वाद निघतात, आणि ते अगदीच निराधार नाहीत. पार्कच्या पोर्तुगालविरुद्धच्या गोलाला मात्र कोणी बोट लावू शकत नाही.

या यशाचे एक व्यावहारिक फळ असे की सरकारने संघातल्या खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट दिली. कोरियन तरुणाची उमेदीची सुमारे दोन वर्षे तेव्हा त्या सेवेत जात. ही सूट नसती तर पार्कचे युरोपातले बेत किती टिकले असते, सांगता येत नाही.

हिडिंकपाठोपाठ पार्क आइंडहोव्हनच्या पीएसव्ही क्लबात गेला. सुरुवात वाईट झाली. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, खेळ बसेना, आणि घरच्या मैदानावरच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. हिडिंक काही काळ त्याला बाहेरच्या मैदानांवरच खेळवत, म्हणजे निदान आपल्याच लोकांच्या शिव्या तरी कानावर पडू नयेत. दोन वर्षांत तेच प्रेक्षक त्याच्या नावाचे गाणे म्हणू लागले. ४ मे २००५ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत त्याने मिलानविरुद्ध नवव्याच मिनिटाला गोल केला. पीएसव्हीने तो सामना ३-१ ने जिंकला, पण बाहेरच्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने मिलान पुढे गेले. फर्ग्युसन यांनी त्याच उन्हाळ्यात सुमारे ४० लाख पौंडांना पार्कला मँचेस्टरला आणले.

आशियात जर्सी खपवण्यासाठी आणलेला खेळाडू, अशी तेव्हा इंग्लंडमध्ये कुजबुज होती. ती बंद व्हायला फार दिवस लागले नाहीत. रोनाल्डो आणि रुनी पुढे मोकळे सुटत, कारण मागे त्यांच्या वाटणीचे धावणारा कोणीतरी असे. मोठ्या सामन्यात पार्क हमखास संघात असायचा. आर्सेनल, लिव्हरपूल, चेल्सी यांच्याविरुद्धचे त्याचे गोल हे बहुतेक ऐन मोक्याचे आहेत. चार प्रीमियर लीग विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत.

तरीही २१ मे २००८ ची रात्र त्याच्या वाट्याला आलीच. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत तो जीव तोडून खेळला होता. मॉस्कोतल्या अंतिम सामन्यासाठी मात्र फर्ग्युसन यांनी त्याला राखीव खेळाडूंतही घेतले नाही. युनायटेडने करंडक जिंकला, तेव्हा पार्क सूट घालून उभा होता. आपल्या अत्यंत अवघड निर्णयांपैकी तो एक होता, असे फर्ग्युसन म्हणाले. अवघड असेलही. पण असा निर्णय नेहमी तक्रार न करणाऱ्याच्याच बाबतीत घेतला जातो, असे मला वाटते. पुढच्या वर्षी रोममध्ये तो खेळला आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उतरणारा पहिला आशियाई ठरला. युनायटेड तेव्हा हरले.

राष्ट्रीय संघासाठी त्याने १०० सामन्यांत १३ गोल केले. २००२ मध्ये पोर्तुगाल, २००६ मध्ये फ्रान्स, २०१० मध्ये ग्रीस, अशा लागोपाठ तीन विश्वचषकांत गोल करणारा तो पहिला आशियाई. २४ मे २०१० रोजी सैतामामध्ये जपानविरुद्ध सहाव्या मिनिटाला गोल केल्यावर तो ओरडला नाही की नाचला नाही. जपानी प्रेक्षकांकडे शांतपणे पाहत फिरायला निघाल्यासारखा धावत गेला. कोरियन लोकांना हा गोलही आठवतो आणि ती चालही.

राष्ट्रीय संघाकडून त्याच्या शेवटच्या स्पर्धेत, २०११ च्या आशियाई चषकात, आपलाही संघ होता. १८ जानेवारीला दोह्यात कोरियाने भारताला ४-१ ने हरवले. सुनील छेत्रीने पेनल्टीवर भारताचा एकमेव गोल केला. सुब्रत पालने इतके फटके अडवले की कोरियन पत्रकारांनाही त्याचे कौतुक वाटले. याच सामन्यात कोरियाच्या अठरा वर्षांच्या सन ह्युंग-मिनने आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला. आठवड्याभराने जपानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पार्कचे शतक झाले, कोरिया पेनल्टींवर हरला आणि त्या महिन्याअखेर पार्कने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

कारण गुडघा. मँचेस्टर ते सोल असा विमानप्रवास, लगेच सामना, पुन्हा परतीचा प्रवास. प्रत्येक वेळी गुडघा सुजायचा, त्यात पाणी व्हायचे. इतर जण चेंडू पायात असताना जेवढे धावतात, त्याहून अधिक तो चेंडू नसताना धावला होता. २०१२ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला कर्णधार केले, पण संघ खालच्या विभागात गेला. एक हंगाम पुन्हा आइंडहोव्हनला काढून मे २०१४ मध्ये त्याने बूट काढले.

युनायटेडचे प्रेक्षक त्याच्यासाठी एक गाणे म्हणत. कोरियन लोक कुत्रे खातात, असा त्यात टोमणा होता. तो खेळत असताना हे गाणे वर्षानुवर्षे चालले आणि पार्क काही बोलला नाही. २०२१ मध्ये वुल्व्ह्जचा नवा कोरियन खेळाडू ह्वांग ही-चान याच्यासमोर ते पुन्हा कानावर आले. तेव्हा पार्कने युनायटेडच्याच पॉडकास्टवर चाहत्यांना ते थांबवण्याची विनंती केली. आपण तेव्हा गप्प बसलो, त्यामुळे आज धाकट्यांना ते ऐकावे लागते, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता.

जुलै २०२४ मध्ये कोरियन फुटबॉल संघटनेने हाँग म्युंग-बो यांना राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक नेमले. हाँग म्हणजे २००२ च्या संघाचा कर्णधार. कोरियात अशा ज्येष्ठाच्या नेमणुकीवर त्याच्या धाकट्या सहकाऱ्याने चारचौघांत बोलणे सोपे नसते. पार्क बोलला. निवडीच्या पद्धतीवर त्याने बोट ठेवले आणि संघटनेवरचा लोकांचा विश्वास तुटला आहे, असे स्पष्ट सांगितले. हाँग पदावर राहिले, आणि त्यांच्याच हाताखाली कोरिया २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्रही ठरला.