अतिदक्षता विभागानंतरचे वर्ष

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंच्या मुलाचा रात्री फोन आला. बाईंना रक्ताचा कर्करोग होता. केमोथेरपी चालू असतानाच न्युमोनिया झाला आणि रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला. "आय.सी.यू.त न्यायचं का, ते ठरवा," असे डॉक्टरांनी सांगितले होते. मुलगा मला विचारत होता, "अरे, तू संशोधन करतोस. कॅन्सरच्या पेशंटला त्याचा काही उपयोग होतो का?" मी वैद्यकाचा डॉक्टर नाही, एवढे सांगून मी सुटका करून घेतली. पुढे मात्र या प्रश्नावरचे शोधनिबंध मिळवून वाचले.

अतिदक्षता विभाग कर्करोग बरा करत नाही. फुप्फुसे, मूत्रपिंडे, रक्ताभिसरण यांपैकी जे थकले असेल त्याचे काम तो यंत्रांनी आणि औषधांनी काही दिवस चालवतो. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाची ही कल्पना. आजचे अतिदक्षता विभाग त्यातूनच उभे राहिले. शरीर सावरेपर्यंत वेळ मिळवायचा, एवढाच त्यामागचा विचार.

कर्करोगात हा वेळ मिळवून काय साधते? केमोथेरपी वेगाने विभागणाऱ्या पेशी मारते. त्यात अस्थिमज्जेतल्या पेशीही सापडतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काही दिवस फारच घटतात. म्हणजे मज्जा पुन्हा कामाला लागेपर्यंत तग धरला तर रुग्ण वाचू शकतो. तरीही १९८०-९०च्या दशकांत श्वसनयंत्रावर गेलेले असे फार थोडे रुग्ण घरी परतत, आणि त्यामुळे त्यांना तिथे न्यावे की नाही याबद्दल डॉक्टरच साशंक असत.

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. आधीच ठरवून टाकायचे नाही. पाच दिवस पूर्ण उपचार द्यायचे आणि मग पाहायचे. श्वसनयंत्राची गरज असलेले आणि आणखी निदान एक अवयव निकामी झालेले १८८ कर्करुग्ण त्यांनी अभ्यासले. पाच दिवसांनंतर १०३ जिवंत होते. त्यांपैकी ४१ जण रुग्णालयातून बाहेर पडले. हे तीन आकडे फळ्यावर लिहून पाहावेत. पहिल्या दिवशी विचारले तर शक्यता ४१ भागिले १८८, म्हणजे सुमारे २२ टक्के. सहाव्या दिवशी विचारले तर ४१ भागिले १०३, सुमारे ४० टक्के. सशर्त संभाव्यता शिकवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पाच दिवस तगलेल्यांपैकी कोण वाचणार, हे कर्करोगाच्या प्रकारावरून कळत नव्हते. किती अवयव निकामी आहेत आणि ते सुधारताहेत का, यावरून कळत होते.

पण रुग्णालयातून बाहेर पडणे म्हणजे बरे होणे नव्हे. २०१३ साली फ्रान्स व बेल्जियममधल्या १७ केंद्रांतल्या १०११ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळेच रक्ताच्या किंवा लसिका संस्थेच्या कर्करोगाचे, आणि अतिदक्षता विभागात दाखल झालेले. दर हजारांत ६०७ जण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले, ९० दिवसांनी ५२५ उरले, वर्षाअखेर ४३३. रुग्णालयातून सुटलेल्यांपैकी दहांतले सात जण वर्षभर जगले, असा त्याचा अर्थ. सहा महिन्यांनी हयात असलेल्यांपैकी ८० टक्क्यांचा कर्करोग आटोक्यात होता.

इथे मात्र जपून राहावे. हे रुग्ण निवडलेले होते. ज्यांना दाखलच केले नाही ते या हिशेबात नाहीत. जगण्याच्या प्रतीबद्दलचे प्रश्नही फक्त जगलेल्यांनाच विचारता येतात. शिवाय जिथे रुग्ण उशिरा येतो आणि खाटेचा खर्च घरच्यांच्या खिशातून जातो, तिथे हे आकडे जसेच्या तसे लावणे मला पटत नाही.

दुसरी बाजू शरीराची. यंत्रावर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात. स्मरणशक्ती मंदावते, झोप उडते, भयानक स्वप्ने पडतात. जवळच्या नातेवाइकांनाही नैराश्य येते. कर्करुग्णाला हे अधिक महागात पडते, कारण पुढची केमोथेरपी द्यायची की नाही आणि किती मात्रेत, हे तो किती हिंडूफिरू शकतो यावर बरेच अवलंबून असते. म्हणून शक्य तितक्या लवकर, कधी यंत्र चालू असतानाच, हातापायांचे व्यायाम सुरू करतात.

बाई अकरा दिवस तिथे होत्या. घरी आल्या तेव्हा भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाणेही जड जाई, आणि पुढची केमोथेरपी सहा आठवडे लांबली. मधल्या काळात त्या पाढे म्हणून पाहत. सतराच्या पाढ्यात अडखळत आणि चिडत. त्यानंतर त्या दीड वर्ष जगल्या. मुलाने त्यांना न्यायला होकार दिला होता, माझे उत्तर न मिळताच.